पाहुण्याला विचारायचं नसतं

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

ही वही मुळात सहलीची. पहिल्या चौदा पानांवर माझ्या अक्षरात 'मॉन्टेनेग्रो : प्रवाशाने काय खावे, काय प्यावे' असं लिहून ठेवलेलं आहे. खाली लाल शाईची दुहेरी रेघ, वसईच्या शाळेत मेनेझिस मास्तर निबंधाच्या मथळ्याखाली मारायला लावत तशी. मी आणि कॉन्सेप्टा गेल्या ऑक्टोबरात जाणार होतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने, क्रिस्टोफरने, तिकिटं काढली होती. आम्ही इथे आखातात त्याच्याकडेच राहतो. सप्टेंबरात तिच्या जठरात गाठ सापडली. विमान आमच्याशिवाय गेलं.

आजपासून वही उलटी धरून मागून लिहायला घेतली आहे. इस्पितळातल्या आहाराच्या मॅडम, रंजिता, म्हणाल्या, "अंकल, आंटीने काय खाल्लं, किती खाल्लं, रोज लिहून ठेवा. जे आवडेल ते द्या, थोडं थोडं."

औषधांच्या फेऱ्यांनी गाठ आकसली आहे. आता कापून काढता येईल. पण सर्जन म्हणाले, अडतीस किलोच्या खाली मी टेबलावर घेणार नाही, शरीराला सोसणार नाही. २७ तारखेला वजन करतील. तोवर जमलं नाही तर गाठ पुन्हा वाढायला लागेल, आणि मग... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करत नाही.

आज वजन ३६.९. एक किलो आणि शंभर ग्रॅम कमी. एखादी लहान सुरमई भरते तेवढं.

खाल्लं : दही, दोन चमचे. अर्धं केळं, त्यातलं निम्मं परत आलं.

रविवार, २ फेब्रुवारी

मिस्सा चालू असताना सुचलं. फादरांचं प्रवचन काय होतं ते विचारू नये.

तिला तिथे नेता येत नाही, तर तिथलं जेवण इथे आणायचं. रोज एक मुक्काम, रोज एक पदार्थ. प्रवासात माणसाला भूक लागते. बत्तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केला मी. वादळात ओकून पिवळ्या पडलेल्या पोरांच्या पोटात खिमट टिकवलं. बायकोच्या पोटात चार घास टिकवता येणार नाहीत?

आठवण लिहून ठेवतो. १९८२चा हिवाळा. आमचं जहाज मॉन्टेनेग्रोतल्या कोटरच्या खाडीत दुरुस्तीला अकरा आठवडे अडकलं होतं. तेव्हा तो देश वेगळा नव्हता, युगोस्लाव्हिया म्हणायचे. मी सव्वीस वर्षांचा दुय्यम स्वयंपाकी. काठावर एक दगडी घर, खाली खाणावळ, वर बिऱ्हाड. पाठीशी डोंगर एवढा काळा की पाण्यातसुद्धा काळाच दिसायचा. त्या घरच्या आईने मला चुलीपाशी बसवून सगळं शिकवलं. मला तिची भाषा येत नसे, तेव्हा तिची मुलगी मिलेना मोडक्या इंग्रजीत सांगायची, पीठ लागलेला हात कपाळावरून फिरवत.

त्या घराची एक रीत मी आयुष्यभर सांभाळली. दारी आलेल्याला विचारायचं नाही. काय खाणार, किती खाणार, कोण, कुठला, काही नाही. विचारलं की पाहुणा लाजून नको म्हणतो. म्हणून आधी वाढायचं, मग बोलायचं. आपण वसईकर उलटे. दारातच विचारतो, "जेवलात का?" समोरचा हो म्हणतो, दोघंही सुटतात.

आजचा मुक्काम कोटर. पोपारा केला. शिळा पाव गरम दुधात मऊ करायचा, लोणी आणि खारं चीज घालून हलवायचा. गरिबाची न्याहारी, पण थंडीत जीव येतो.

प्रवाशाने लक्षात ठेवावे : पोपारा गरम असतानाच खावा. गार झाला की गोळा होतो.

गार झाला. गोळा झाला.

खाल्लं : तीन चमचे, माझ्या तोंडाकडे बघत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काचामाक. डोंगरातल्या धनगरांचं जेवण. उकडलेले बटाटे आणि मक्याचं पीठ लाकडी दांड्याने घोटायचं, तळहाताला फोड येईपर्यंत, आणि वर काइमाक, म्हणजे मुरवलेली जाड खारी साय.

खालच्या दुकानातून मक्याचं पीठ आणलं, ओतलं, घोटलं. पातेल्यात खळ तयार झाली, शाळेत नकाशे चिकटवायला करायचो तशी. नात दिया डबा फिरवून म्हणाली, "आजोबा, धिस इज कॉर्नस्टार्च. यू वर अ शेफ, राइट?"

पुन्हा खाली गेलो. दुकानातला जहूर हसून बेजार. "चाचा, वो तो सूप गाढा करने का है! ये लो, मकई का आटा. मेरी अम्मी इसी पे पली है. चाची को बोलो, खाएँगी तो दौड़ेंगी, इन्शाल्ला."

दुसऱ्यांदा जमला. रंग अगदी तसाच, उतरत्या उन्हाचा. घोटता घोटता खिडकीबाहेर बघितलं, तर समोरचा बिस्किटांचा कारखाना आणि त्याच्या मागे दुसरा कारखाना, पण मला खाडी दिसत होती. मास्तर शिकवायचे त्या कवितांतली गावं अशीच असत. एकही पाहिलेलं नव्हतं, सगळी पाठ होती. दोन ओळी झाल्या :

काळ्या डोंगरी दगडी घर ते, निळा धुराचा वर धागा,
दारी थांबल्या वाटसराला चुलीजवळची दे जागा.

कॉन्सेप्टाला म्हणून दाखवल्या. उशीला टेकून तिने नीट ऐकल्या. म्हणाली, "छान आहेत. कवितेला वजन असतं म्हणता ना तुम्ही? तेवढं काट्यावर धरतात का विचारा रंजिताला."

खाल्लं : काचामाक, एक चमचा. दुसरा रुमालात सापडला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काइमाक इथे मिळत नाही. लबने म्हणजे अरबी चक्का, फेटा चीज आणि लोणी घोटून तसंच काहीतरी केलं. मला तर चव हुबेहूब वाटली, डोळे भरून आले. तिला वासानेच उमळून आलं. त्यात कारखान्यात आज व्हॅनिलाची बिस्किटं. खिडक्या लावून बसलो.

खाल्लं : काही नाही. नारळपाणी पाव ग्लास.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुधात शिजवलेलं कोकरू. तिकडे सणाला करतात. बडीशेप, लसूण, तमालपत्र, दुधात मंद आचेवर दोन तास. घरभर वास. क्रिस्टोफर आठवडाभर मुसफ्फाच्या कारखान्यात पत्रे आणि वेल्डिंग बघून आलेला, हाडं चोखत म्हणाला, "पप्पा, टॉप क्लास! यल्ला, हॉटेल काढू या." सून जॅकलीनने दोनदा घेतलं. दियासुद्धा मोबाईल ठेवून जेवली.

आतल्या खोलीतलं ताट होतं तसं परत आलं. रुमाल घडीचा घडीच.

मग भांडी आवरताना क्रिस्टोफर हळूच म्हणाला, "पप्पा, बुधवारी तुमची ॲनिव्हर्सरी होती. मम्मी काही बोलली नाही, पण तिने तो निळा ड्रेस घातला होता."

पाच तारीख. मी बुधवारी दिवसभर सिच्वारा करत होतो, मक्याचं पीठ आणि साय. निळा ड्रेस मला आठवतो. मला वाटलं, अंघोळीनंतर हाताला आला तो घातला असेल.

हे इथे लिहिलंय, कारण कुठेतरी लिहायला हवं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रवाशाने लक्षात ठेवावे : मॉन्टेनेग्रोत घरात पाऊल टाकताच हातात बोटभर ग्लास येतो. त्यात लोझा असते, द्राक्षांची दारू, पाण्यासारखी स्वच्छ आणि निखाऱ्यासारखी. सकाळचे नऊ वाजले असले तरी नाही म्हणायचं नसतं. आणि पिताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर अपमान.

दारू चालणार नाही. पांढऱ्या द्राक्षांचा रस दोन छोट्या ग्लासांत ओतला, पलंगाच्या कडेवर बसलो आणि रीत समजावून सांगितली. "डोळ्यांत बघायचं, कॉन्सेप्टा."

"कुणाच्या?" ती म्हणाली.

मी हसलो. तीही हसली. पूर्ण ग्लास प्यायली. फार दिवसांनी चांगला दिवस.

शनिवार, १५ फेब्रुवारी

३६.४.

चौदा दिवस, अकरा पदार्थ आणि अर्धा किलो खाली. रंजिता मॅडमनी माझी वही मागितली, पण मराठी बघून परत दिली. म्हणाल्या, "अंकल, जे आवडेल ते द्या, बस." मी म्हणालो, तेच देतोय.

इस्पितळातून जेबेल अलीच्या देवळात, चर्चमध्ये, गेलो, एकटाच. गुडघे टेकले तर प्रार्थना येईना. सातवीतली कविता येऊ लागली, आईवरची, सगळी कडवी, ओळीने. मी ती म्हटली. देवाला मराठी समजत असेल, पण त्याला कविता समजते की नाही, शंका आहे.

मेलो तर हे पान कुणी वाचू नये : मला वाटतं ती मुद्दाम खात नाही. मरायचंच असेल तर सांगत का नाही? मी काय करायचं, ताट धरून किती वेळ उभं राहायचं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज शेवटचा हुकमी एक्का. प्रिगानित्से. आंबवलेल्या सैल पिठाचे गोळे तेलात सोडायचे, फुगून सोनेरी झाले की काढायचे, वर मध, बाजूला चीज. अरबांचे लुकैमात त्यांचे चुलतभाऊ. कोटरमध्ये सकाळी सकाळी मिलेना हे तळायची तेव्हा खाडीवरची बोटवाली माणसं आवाज न देता दारात येऊन उभी राहायची.

बारा तळले. एकेक वजनदार, चकचकीत. ताटात मांडले, वर मधाची धार सोडली. मध संपला.

कॉन्सेप्टा त्यांच्याकडे बघत राहिली, फार वेळ. एक उचलला, फोडून आत बघितलं, ठेवला. भिंतीकडे वळून झोपली.

खाल्लं : काही नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी

हे मी लिहिते आहे, कॉन्सेप्टा. तुम्ही मध आणायला खाली गेलात. वही उशाशी होती. मागची पानं वाचली, पुढची चौदाही वाचली.

त्या चौदा पानांत मिलेना नऊ वेळा आहे. मी एकदा आहे. 'कॉन्सेप्टासाठी जाड शाल घ्यावी.' मला त्याचं काही वाटत नाही. ती आता माझ्यासारखीच म्हातारी, कवळी पाण्यात ठेवून झोपत असेल. तिची नाताळची कार्डं यायची तेव्हा पोस्टमनच्या हातून मीच घ्यायचे. एकही फाडलं नाही. तुमच्या टेबलावर नीट ठेवायचे, चित्र वर करून.

दुसरंच सांगायचं आहे. पाहुण्याला विचारायचं नसतं म्हणता. मी पाहुणी आहे का?

तुम्ही नऊ-नऊ महिन्यांनी घरी यायचात, पेटीभर डबे आणायचात, माझ्या स्वयंपाकघरात शिरायचात आणि मला खुर्चीवर बसवून वाढायचात. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, नवरा करून घालतो. त्या परदेशी सॉसेजने माझ्या पोटात ढवळायचं. मी खायचे. तुम्ही तोंडाकडे बघत असायचात ना. एकेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, कॉन्सेप्टा, काय खाशील.

चव नाही हे खरं आहे. पण तुमचं ताट आलं की मला आधी आवडल्यासारखा चेहरा करावा लागतो, मग खावं लागतं. दोन्हींची ताकद आता नाही. मुद्दाम नाही करत. मरायचं असतं तर सांगितलं असतं, मी काय तुम्हाला घाबरते?

आणि कालचे ते गोळे. ते आपले वसईचे फुगेच आहेत हो, लग्नात तळतात ते. आपल्या लग्नात माझ्या आईने चारशे तळले होते. तुम्ही पहिलाच खाल्लात आणि म्हणालात, बरे आहेत, पण तिकडे मधाबरोबर देतात. आई तिथेच उभी होती.

वाढू नका. विचारा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी

वाचलं.

मधाची बाटली न उघडताच ओट्यावर ठेवली. चारशे फुग्यांचं आठवत नाही. खरंच नाही आठवत. पण मी तसं म्हणालो असेन. मी असाच बोलतो.

खोलीत गेलो. विचारायचं तर दोनच शब्द. जहाजावर चाळीस माणसांना रोज ओरडून विचारायचो, क्या खाएगा? आज दारात आधी मनातल्या मनात म्हणून बघितलं.

"काय खाशील?"

"ऐकू नाही आलं."

"काय खाशील, कॉन्सेप्टा?"

"फुगे. पण तुमच्या हातचे नकोत. मी करणार."

मी म्हणालो, तुला उभं राहवत नाही. म्हणाली, मग खुर्ची कशाला आहे घरात? जॅकलीन कामावर होती. मी कॉन्सेप्टाला धरून स्वयंपाकघरात आणलं, पाठीला उशी दिली. मैदा, अंडं, नारळाचं दूध, चिमूट साखर. ताडी कुठली मिळणार, यीस्टवर भागवलं. पीठ तिने हाताने फेटलं, थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. मी हात पुढे केला तर चमच्याने मारलं. मग ती मूठ भरून पीठ उचलायची, अंगठा आणि बोट यांच्या फटीतून गोळा वर काढायची, दुसऱ्या हाताने अलगद तेलात सोडायची. कढईपाशी मी उभा, पण झारा तिच्या हातात.

"मिलेना कशाने सोडायची? चमच्याने?"

"चमच्याने."

"हं," ती म्हणाली.

चोवीस झाले. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाली, आता दमले, झोपते.

खाल्लं : काही नाही, ती करण्यातच गुंतलेली. मीठ बघायला एक, आतून झालाय का बघायला एक, शेवटचा वेडावाकडा टाकवेना म्हणून एक.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल आणि आज फुगे ताटात वाढून दिले. पांढरा रुमाल, फुलदाणीत फूल. आधी विचारलंसुद्धा. "काय खाशील, फुगे?" ती हो म्हणाली. अर्धा खाल्ला. दुपारी पेज आणि भाजलेला सुका बोंबील, तिने स्वतः सांगितलेला. दोन चमचे.

३६.५.

विचारलं, आवडीचं दिलं, तरी नाही. आता माझ्याकडे काही नाही. पुढची चौदा पानं संपली, मागचीही संपत आली. सात दिवस उरले. सकाळी ती झोपलेली असताना तिचं मनगट माझ्या बोटांत धरून बघितलं. बोटं एकमेकांवर चढली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज जॅकलीनपुढे रडलो. सुनेपुढे. ती ओट्याला टेकून उभी होती, मी ताट घेऊन बाहेर आलो आणि ताटच खाली ठेवता येईना.

तिने ते काढून घेतलं. म्हणाली, "पप्पा, एक विचारू? तुम्ही मम्मींना कधी ताटावर बसून जेवताना पाहिलंय?"

"म्हणजे काय?"

"मी सोळा वर्षं बघतेय. त्या कढईपाशी जेवतात. मीठ बघतात, रस्सा बघतात, पोळीचा कोपरा बुडवून बघतात. मग सगळ्यांना वाढून म्हणतात, मला भूक नाही. पोट भरलेलं असतं. ताट पुढ्यात ठेवलं की त्यांना वाटतं, सगळे बघतायत."

मी आठवायला बसलो. एकेचाळीस वर्षांतलं एक तरी जेवण, कॉन्सेप्टा बसली आहे, पुढ्यात ताट आहे, ती खाते आहे. दिसेना. हातात झारा दिसतो, पाठ दिसते, पदराने कपाळ पुसताना दिसते. मिलेनाच्या कपाळाला लागलेलं पीठ मला दिसतं. सातवीचं पुस्तक पहिल्या पानापासून पाठ आहे. बायको पाठ नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

क्रिस्टोफरने हॉटेलातल्यासारखं उंच स्टूल आणलं, पाठ असलेलं. ते ओट्याला लावलं.

मी काचामाक घोटायला घेतला. मीठ घातलं नाही. तिच्यापुढे चमचा केला, चेहऱ्याकडे न बघता, बटाट्याच्या साली गोळा करत.

"जरा मीठ बघ."

"मीठच नाही."

चिमूटभर घातलं. "आता?"

"कमी आहे." दुसरा चमचा.

पुन्हा चिमूट. तिसरा चमचा. "आता बटाटा लागतोय, मका लागत नाही." चौथा. मग म्हणाली, यात लसणाची फोडणी का नाही देत तिकडे? दिली. काळ्या डोंगरातल्या आईने मला घराबाहेर काढलं असतं. पाचवा. सहावा.

सातव्याला चमचा तोंडाशी धरून ती थांबली. "बत्तीस वर्षांचा स्वयंपाकी मीठ विसरतो होय?"

मी साली गोळा करत राहिलो.

"बघू," ती म्हणाली, "अजून एकदा बघते."

३६.९. जिथून निघालो तिथे आलो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काल दिवसभर 'बघत' होती. पोपाऱ्यात गूळ घातला तिने. दुधातल्या कोकरात हिरवी मिरची. संध्याकाळी वजन ३७.५. दिया पळत खाली जाऊन जहूरला सांगून आली. त्याने खजूर पाठवले.

आज पहाटेपासून उलट्या. चार वेळा. सगळं गेलं. ३७.१. डोळे खोल गेलेत. दुपारी म्हणाली, "अहो, नाही जमलं तर ती निळी शाल जॅकलीनला द्या." कसली निळी शाल, मी विचारलं. "तुम्हीच लिहिलीय ना पानावर, जाड शाल घ्यावी म्हणून. मी मनात निळी घेतली होती."

मी बाहेर येऊन कांदे चिरले. कशालाच नको होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी, इस्पितळात

काल सकाळी नऊपासून ती स्टुलावर. झोपायला सांगितलं तर म्हणे, झोपून वजन वाढतं का? दर अर्ध्या तासाने काहीतरी बघितलं. मला विचारून विचारून नाही, तीच मागायची.

आज काटा : ३७.८.

दोनशे ग्रॅम. रंजिता मॅडमनी चपला बघितल्या, काढलेल्याच होत्या. म्हणाल्या, "अंकल, डॉक्टर बारा वाजता येतात. मी तेव्हा पुन्हा वजन करते. आत्ता साडेदहा." आणि दार लोटून निघून गेल्या.

बाकावर बसलो. जॅकलीनने डबा दिला होता, फुगे आणि काचामाक. मी झाकण काढून मध्ये ठेवलं आणि एक फुगा स्वतः खाल्ला.

"कसे झालेत?" तिने विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणालो, आणि जीभ चावली. मग म्हणालो, "नाही. चांगले आहेत. तिकडच्यापेक्षा चांगले. मीच तेव्हा गाढव होतो."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "बघू, खरं बोलताय का."

पाच बघितले. अर्धा डबा काचामाक. वर दोन घोट पाणी, मग तिसरा, डोळे मिटून. मधेच ओकारी आली, तिने माझा हात धरून ती परत गिळली. कशी गिळली ते मला लिहिता येणार नाही.

बारा वाजता काट्यावर चढली. मी आकड्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघत होतो. "किती?" मी विचारलं.

"अडतीस," ती म्हणाली. "आणि वर टिंब एक. ते तुमच्या कवितेचं."

सर्जन म्हणाले, सोमवारी सकाळी. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, शरीर काठावर आहे, मी खात्री देत नाही. इन्शाल्ला.

सोमवार, ३ मार्च, इस्पितळात

तिला काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद. रमजान सुरू झाला आहे. वॉर्डातल्या कित्येकांचा रोजा. कॉन्सेप्टा म्हणाली, "बघा, सगळं शहर माझ्याबरोबर उपाशी. आपला उपवास परवा राखेच्या बुधवारी लागतो, आणि मी आजच सुरू केला."

स्ट्रेचर निघालं तेव्हा क्रिस्टोफर, जॅकलीन तिच्या कपाळाला हात लावून मागे झाले. मी दारापर्यंत गेलो. तिने खूण केली, मी कान खाली नेला.

"मिलेनाला लिहा," ती म्हणाली. "असली तर. सांगा, तुझ्या आईच्या काचामाकला लसणाची फोडणी लागते, वसईच्या एका बाईने कळवलंय."

"अजून काही?"

"तुम्ही विचारायला शिकलात," ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

आठ वाजून वीस मिनिटांनी आत नेलं. आता एक वाजून दहा. वरचा लाल दिवा लागलेलाच आहे. क्रिस्टोफर येरझाऱ्या घालतो आहे. एखादी कविता म्हणून बघितली, दुसऱ्या ओळीवर अडकलो. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणून वही सुलटी केली. चौदा पानांनंतर पंधरावं कोरं होतं. त्यावर लिहिलं :

प्रवाशाने लक्षात ठेवावे : जेवण कितीही चांगले असो, ज्याच्यासाठी केले त्याला आधी विचारावे.

आतून बाहेर आली की आठवडाभर तरी तिला तोंडाने काही देता येणार नाही, असं रंजिता मॅडम म्हणाल्या. नळीनेच देतील. ठीक आहे. तरी विचारणार. दार उघडलं की पहिला प्रश्न डॉक्टरांना नाही, तिला. दोनच शब्द आहेत, सकाळपासून तोंडात धरून बसलो आहे, विसरू नयेत म्हणून.

दिवा अजून लाल आहे.

काय खाशील, कॉन्सेप्टा?